लॅमिंग्टन रोड, पण कुठला?

समजा, तुमच्या हातात एक पाकीट आहे. त्यावर नाव आहे, घर क्रमांक आहे आणि खाली फक्त 'लॅमिंग्टन रोड' एवढंच लिहिलंय. हे पाकीट टपालपेटीत टाकलं तर कुठे पोहोचेल?

मुंबईकर म्हणेल, यात काय विचारायचं! ग्रँट रोड स्टेशनजवळचा, संगणकाच्या सुट्या भागांच्या दुकानांनी गजबजलेला तो रस्ता. त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. हुबळीकराला विचारा, तो वेगळंच सांगेल. त्याचा लॅमिंग्टन रोड हुबळीत आहे आणि त्या नावाची जुनी शाळाही त्याच्या गावात आहे. दोघंही खरंच बोलतायत. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते आणि तेव्हा धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यातच होता. साहेब एक, रस्ते दोन.

टपालखात्याची ही अडचण प्रबंध तपासणाऱ्या परीक्षकाला रोज येते. प्रबंधाच्या शेवटी संदर्भसूची असते. तिच्यात कुठे 'कुलकर्णी, १९७२' एवढंच असतं, कुठे 'विकिपीडियावरून साभार', तर कुठे चक्क 'संदर्भ : गुगल'. यातली पहिली नोंद म्हणजे गावाचं नाव नसलेलं पाकीट. शेवटची तर त्याहून अवघड. पत्त्याच्या जागी 'पोस्ट ऑफिस' लिहावं, तसा तो प्रकार.

संदर्भ देणं म्हणजे नेमकं काय, हे या पाकिटावरून चांगलं समजतं. विद्वत्ता दाखवायला संदर्भ द्यायचा नसतो, की गाइड रागावतील म्हणूनही नाही. संदर्भ म्हणजे पत्ता. 'ही गोष्ट मी इथून आणली, तुम्हालाही जाऊन बघता येईल' एवढाच त्याचा अर्थ. वाचक त्या दारापर्यंत पोहोचला तर संदर्भ बरोबर, नाही पोहोचला तर चूक. स्वल्पविराम, कंस, तिरपी अक्षरं यांचे नियम त्यानंतरचे.

पिन कोड आखणारा संस्कृत कवी

पत्त्यांचा गोंधळ आपल्या देशाला नवा नाही. एकाच नावाची अनेक गावं, अनेक लिप्या, अनेक भाषा आणि अर्धवट लिहिलेले पत्ते. यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. तो आखणारे अधिकारी मराठी होते, श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात काम करणारे वेलणकर संस्कृतमध्ये काव्य आणि नाटकं लिहीत.

त्यांच्या सहा आकड्यांत एक साधी युक्ती आहे. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. महाराष्ट्र आणि गोवा ४मध्ये, कर्नाटक ५मध्ये. पहिले तीन आकडे मिळून टपालाची वर्गवारी जिथे होते तो जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस. मुंबईचे कोड ४००नं सुरू होतात, हुबळी-धारवाडचे ५८०नं. त्यामुळे पाकिटावर '५८०' दिसलं की रस्त्याचं नाव कितीही घोटाळ्याचं असो, पत्र मुंबईच्या थैलीत पडत नाही.

संशोधनाच्या जगातही असा पिन कोड आहे. त्याला डीओआय म्हणतात. एखाद्या लेखाला किंवा अहवालाला दिलेला कायमचा क्रमांक. सन २००० पासून तो वापरात आहे. त्याची सुरुवात नेहमी दहाच्या आकड्यानं होते, मग एक टिंब, मग प्रकाशकाला मिळालेला क्रमांक, तिरकी रेघ आणि त्यानंतर त्या लेखाचा स्वतःचा क्रमांक. नियतकालिकानं संकेतस्थळ बदललं तर साधी लिंक मरते. डीओआय मात्र जगतो, कारण प्रकाशक मध्यवर्ती नोंदीत नवा पत्ता भरून ठेवतो. घर बदललेल्या माणसानं पोस्टात नवा पत्ता कळवून ठेवावा, तसंच हे. पुस्तकांना आयएसबीएन असतो, लेखकांना हवा असेल तर ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक घेता येतो.

हा लेखकाचा क्रमांक आपल्याकडे फारच उपयोगी. हुबळी-धारवाडकडे कुलकर्णी, देशपांडे, जोशी ही आडनावं मराठी घरांत आहेत तशी कन्नड घरांतही आहेत. एखाद्या शोधपेटीत 'जी. कुलकर्णी' टाकून बघा. भौतिकशास्त्रज्ञ, डॉक्टर, भाषाशास्त्रज्ञ सगळे एका रांगेत उभे राहतील.

पत्त्यात काय काय लागतं

आता एक पुस्तक हातात घेऊ. धारवाडच्या कॉलेजात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवणारे आणि मराठीत कथा लिहिणारे गुरुनाथ आबाजी कुलकर्णी, म्हणजे आपले जी. ए. त्यांचा 'काजळमाया' हा कथासंग्रह पॉप्युलर प्रकाशनानं १९७२ मध्ये काढला. योगायोग असा की पिन कोडचं वर्षही तेच.

ग्रंथालयातून पुस्तक आणलं की मुखपृष्ठ बघून नोंद करू नका. आतलं शीर्षकपान उघडा आणि ते उलटा. त्याच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, वर्ष, हक्क हे सगळं असतं. पत्ता तिथून घ्यायचा. त्यासाठी चार प्रश्न पुरतात. कोणी लिहिलं? केव्हा छापलं? काय लिहिलं? कुठे मिळेल? उत्तरं मांडण्याच्या रीती मात्र वेगवेगळ्या आहेत आणि त्यांनाच शैली म्हणतात.

समाजशास्त्रं आणि मानसशास्त्रात चालणाऱ्या एपीए शैलीत नोंद अशी होईल : कुलकर्णी, जी. ए. (१९७२). *काजळमाया*. पॉप्युलर प्रकाशन.

साहित्याच्या अभ्यासकांच्या एमएलए शैलीत : कुलकर्णी, जी. ए. *काजळमाया*. पॉप्युलर प्रकाशन, १९७२.

इतिहासकारांना आवडणाऱ्या शिकागो शैलीत, तिच्या २०२४ आधीच्या रीतीनं, तळटीप येईल : जी. ए. कुलकर्णी, *काजळमाया* (मुंबई : पॉप्युलर प्रकाशन, १९७२), आणि पुढे पानाचा आकडा.

माहिती जवळपास तीच, फक्त क्रम आणि विरामचिन्हं बदलली. या क्रमालाही कारण आहे. विज्ञानात कालचं संशोधन आज जुनं होतं, म्हणून एपीएमध्ये वर्ष लेखकाच्या लगेच मागे येतं. साहित्यात कृती महत्त्वाची आणि ती कितव्या पानावर काय म्हणते हे महत्त्वाचं, म्हणून एमएलएत वर्ष शेवटी ढकललेलं असतं. इतिहासात कागदपत्रं इतक्या तऱ्हेची असतात की त्यांना कंसात कोंबता येत नाही, म्हणून तिथे पानाच्या तळाशी ऐसपैस जागा ठेवलेली.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत तीन गोष्टी हमखास निसटतात.

पहिली, आवृत्ती. तुमच्या हातात १९७२ ची प्रत नसून नंतरची असेल तर तीच नोंदवा. आवृत्ती बदलली, अक्षरजुळणी नव्यानं झाली की पानांचे आकडे सरकतात. पहिल्या आवृत्तीचं वर्ष आणि नंतरच्या आवृत्तीचं पान अशी मोट बांधली तर वाचक भलत्याच कथेत जाऊन पडेल.

दुसरी, गावाचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ पासून हुबळीचं अधिकृत नाव हुब्बळ्ळी झालं. पण त्याआधी छापलेल्या पुस्तकावर जे नाव असेल तेच नोंदीत ठेवायचं. ग्रंथालयाच्या यादीत ते त्याच नावानं सापडणार आहे.

तिसरी, शक. जुन्या मराठी पुस्तकांवर नुसतं 'शके १८४७' असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १९२५ येतो. पण शकाचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं. त्यामुळे १ जानेवारीनंतरची आणि पुढच्या पाडव्याआधीची तारीख असेल तर ७९ मिळवावे लागतात. महिना माहीत नसेल तर शक जसा छापलाय तसा द्यावा आणि शेजारी १९२५–२६ असं लिहावं.

कुठे पत्ता द्यायचा, कुठे नाही

प्रत्येक वाक्याला संदर्भ लागत नाही. मग कुठे लागतो? पुन्हा लॅमिंग्टनसाहेबांकडे जाऊ.

'लॉर्ड लॅमिंग्टन मुंबईचे गव्हर्नर होते.' याला संदर्भ नको. कुठल्याही कोशात हे सापडतं आणि त्यावर कोणाचा वाद नाही. याला सामान्य ज्ञान म्हणतात.

'ऑस्ट्रेलियातल्या लॅमिंग्टन केकला त्यांचंच नाव आहे.' इथे थांबा. मुंबईत येण्याआधी ते क्वीन्सलंडचे गव्हर्नर होते हे खरं. चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेल्या त्या केकला त्यांचं नाव पडलं असं मानतात, पण काही जण तो मान त्यांच्या पत्नीला देतात. जिथे मतभेद आहेत तिथे कोणाचं मत सांगतोय हे सांगितलंच पाहिजे. इथे संदर्भ हवा.

'१३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंग यांनी मायकेल ओड्वायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा लॅमिंग्टनही जखमी झाले.' घटना प्रसिद्ध आहे. पण जखम नेमकी कशी झाली, कोणी काय साक्ष दिली असा तपशील लिहायला लागलात की तो तुमच्या डोक्यातून आलेला नसतो. संदर्भ हवा.

थोडक्यात कसोटी अशी : दुसऱ्याचे शब्द, दुसऱ्याचा विचार, दुसऱ्यानं मोजलेला आकडा किंवा दुसऱ्यानं काढलेलं चित्र आलं की पत्ता द्यायचा. शब्द बदलले म्हणून विचार आपला होत नाही. शेजारच्यांची दुचाकी रंग बदलून दारात लावली म्हणून ती आपली होते का?

आणखी एक खोड आपल्याकडे फार आहे. राजवाड्यांचं म्हणणं कोणा तिसऱ्याच्या पुस्तकात वाचायचं आणि संदर्भ थेट राजवाड्यांचा द्यायचा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव दप्तरं धुंडाळून १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडांमागून खंड काढून प्रसिद्ध केली आणि मूळ अस्सल कागदाचा आग्रह आयुष्यभर धरला. निदान त्यांच्या बाबतीत तरी हे करू नये! मूळ पुस्तक पाहिलं नसेल तर तसं सांगा : राजवाडे, अमुक यांच्या पुस्तकात उद्धृत. यात कमीपणा नाही. न गेलेल्या घराचा पत्ता सांगण्यात मात्र आहे.

एक कोटी चिठ्ठ्यांची कपाटं

संगणक येण्याआधी संदर्भ कसे सांभाळत असतील? याचं उत्तर पुण्यात डेक्कन कॉलेजात बघायला मिळतं. १९४८ मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकारानं तिथे संस्कृतच्या महाकोशाचं काम सुरू झालं. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द टिपले गेले. प्रत्येक शब्दासाठी कागदाची एक चिठ्ठी. तिच्यावर शब्द, ग्रंथाचं नाव, अध्याय-श्लोक आणि ज्या ओळीत तो शब्द आला ती ओळ. अशा जवळपास एक कोटी चिठ्ठ्या वर्णानुक्रमानं लावून कपाटांत ठेवल्या आहेत. पहिला खंड छापायला १९७० चं दशक उजाडलं. अलीकडेपर्यंत पस्तीस खंड निघाले, तरी 'अ' हे पहिलं अक्षर संपलेलं नव्हतं.

चिठ्ठीत काय आहे बघा. मजकूर एकीकडे आणि तो कुठून आला हे शेजारीच. चिठ्ठी कुठेही हलवली तरी तिचा पत्ता तिच्याबरोबर जातो. पुण्यातच भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, तीही याच शिस्तीवर. तिथे १,२५९ हस्तलिखितं विचारात घेतली गेली. पोथ्यांना खुणा दिल्या आणि कुठल्या पोथीत कोणता पाठ आहे ते त्या खुणांनी पानाच्या तळाशी नोंदवलं. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड उघडले तर कित्येक पानांवर तळटिपा मजकुराशी बरोबरी करताना दिसतात. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं ते काम चाललं. पुढच्याच वर्षी काण्यांना भारतरत्न मिळालं.

आजचं संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे हेच चिठ्ठ्यांचं कपाट, फक्त संगणकात.

सोऱ्या आणि त्याच्या चकत्या

या कामासाठी बरीच साधनं आहेत. झोटेरो हे फुकट आणि मुक्त साधन. ते २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासकारांनी काढलं. नाव एका अल्बेनियन क्रियापदावरून घेतलंय. मेंडेली २००८ च्या सुमाराचं, मेंडेल आणि मेंडेलीव्ह या दोन शास्त्रज्ञांच्या नावांची मोळी बांधून त्याचं बारसं झालं. एंडनोट विकत घ्यावं लागतं. गणित आणि भौतिकीवाले १९८५ पासून बिबटेक वापरतात. नावं वेगळी असली तरी आतलं काम सारखंच. ते चार पायऱ्यांत समजून घेऊ.

*पहिली पायरी, उचलणं.* तुम्ही ब्राउझरमध्ये एखादा लेख उघडता. पडद्यावर दिसतं त्याच्या मागे त्या पानात लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, डीओआय अशी माहिती यंत्राला वाचता येईल अशा रीतीनं लिहिलेली असते. तिला मेटाडेटा म्हणतात, म्हणजे माहितीबद्दलची माहिती. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीच ती. एक बटण दाबलं की साधन ती उचलून घेतं. पुस्तक असेल तर आयएसबीएन टाइप केला तरी पुरतं.

*दुसरी पायरी, ठेवणं.* उचललेली माहिती वेगवेगळ्या रकान्यांत जाते. आडनावाचा रकाना, नावाचा रकाना, वर्ष, प्रकाशक. इथे अजून कुठलीही शैली नसते. नुसतं भिजवलेलं पीठ.

*तिसरी पायरी, खुणा टोचणं.* वर्डमध्ये लिहिताना जिथे संदर्भ हवा तिथे तुम्ही साधनाला सांगता, इथे जी. एं.ची नोंद घाल. पडद्यावर '(कुलकर्णी, १९७२)' दिसतं. पण त्या अक्षरांमागे एक लपलेली खूण असते आणि ती त्या नोंदीशी जोडलेली असते.

*चौथी पायरी, पाडणं.* आता शैली निवडायची. शैली म्हणजे सोऱ्याची चकती. पीठ तेच, बारीक भोकांची चकती लावली की शेव, चांदणीची लावली की चकली. एपीएची चकती काढून शिकागोची लावली की प्रबंधातले सगळे कंस तळटिपा होतात आणि शेवटची सूचीही नव्यानं रचली जाते. अशा दहा हजारांहून जास्त चकत्या मोफत मिळतात. एका नियतकालिकानं लेख परत पाठवला आणि दुसऱ्याला त्याच्या शैलीत धाडायचा असला की या चकतीची किंमत कळते. पूर्वी त्यात आठवडा जायचा.

एक इशारा. त्या लपलेल्या खुणा नाजूक असतात. मजकूर कॉपी करून व्हॉट्सअॅपवर पाठवला, तिथून उचलून पुन्हा वर्डमध्ये चिकटवला की खुणा गळून पडतात आणि उरतात ती नुसती अक्षरं. मग चकती बदलली तरी ती बदलत नाहीत. म्हणून मूळ फाइल जपून ठेवायची. खुणा कायमच्या काढून टाकायच्या असतील तर त्या शेवटी आणि एका वेगळ्या प्रतीत.

मराठी नोंदींची दुखणी

सोऱ्या कितीही चांगला असो, भाजणी कच्ची असेल तर चकली विरघळणारच. ही साधनं इंग्रजी नोंदींवर वाढली, त्यामुळे मराठी नोंद त्यांच्या हाती दिली की काही ठिकाणी हाताने लक्ष द्यावं लागतं.

टंकलेखन युनिकोडमध्येच हवं. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेलं 'कुलकर्णी' तुम्हाला कुलकर्णी दिसतं, पण यंत्राला ती असंबद्ध रोमन अक्षरं वाटतात. मग वर्णानुक्रम कसला लागणार?

लेखन एकसारखं हवं. एका नोंदीत 'दांडेकर' आणि दुसरीत 'दाण्डेकर' लिहिलंत तर साधन त्यांना दोन वेगळी माणसं समजतं. 'वि. वा. शिरवाडकर' आणि 'कुसुमाग्रज' हे एकच, हे तर त्याला मुळीच कळत नाही. पुस्तकावर जे नाव असेल तेच नोंदीत ठेवावं आणि हवं तर चौकोनी कंसात दुसरं द्यावं.

संस्थेचं नाव नेहमी एका अखंड रकान्यात टाकावं. नाहीतर 'भारत इतिहास संशोधक मंडळ' या नावातल्या शेवटच्या शब्दाला आडनाव समजून यंत्र सूचीत 'मंडळ, भारत इतिहास संशोधक' छापून मोकळं होतं. हसू येतं, पण प्रबंधांत असं छापलेलं सापडतं.

आणि भाषेचा रकाना भरावा. तीन-चार लेखक असले की बऱ्याच शैली मराठी सूचीतही इंग्रजी पद्धतीचा 'एट अल' छापतात. तिथे 'आणि इतर' करणं हे तुमचं काम.

ज्या घराला दारच नाही

साधन पत्ता नीटनेटका लिहून देतं. त्या पत्त्यावर घर आहे का, हे ते बघत नाही. याचं एक उदाहरण संशोधनाच्या जगात चांगलंच गाजलं.

एका मोठ्या प्रकाशनसंस्थेनं लेखकांसाठी सूचना छापल्या. संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला त्यात नमुन्यादाखल एक नोंद होती : व्हॅन डर गीर आणि इतर, सन २०००, शास्त्रीय लेख लिहिण्याच्या कलेवरचा एक निबंध. असा निबंध कधी लिहिलाच गेला नव्हता. पण लायडन विद्यापीठातले पीटर क्रूननबर्ग यांना तो शोधनिबंधांच्या सूच्यांत दिसू लागला. शोध घेतल्यावर कळलं की या अस्तित्वात नसलेल्या निबंधाचा जवळपास चारशे ठिकाणी संदर्भ दिला गेलाय. ॲन-विल हार्झिंग यांनी ही कथा २०१७ मध्ये लोकांसमोर आणली. त्यातल्या बहुतेक लेखकांनी कुठलीही लबाडी केली नव्हती. नमुना फाइलीत स्वतःचा मजकूर भरताना ती नोंद पुसायची राहून गेली, इतकंच. आणि ती कोणी वाचलीच नाही.

आता यात नवी भर पडलीय. चॅटबॉटला संदर्भ मागितले तर तो हुबेहूब खरे वाटणारे संदर्भ रचून देऊ शकतो. लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्ष शोभेलसं, पण निबंध कधी लिहिलाच गेलेला नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी अशाच रचलेल्या खटल्यांचे दाखले न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. हुबळीत लॅमिंग्टन रोड आहे, हे खरं. तिथे अमुक क्रमांकाचं घर आहे का, हे तिथे जाऊनच कळतं.

टक्क्यांचा धाक

आपल्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त भीती असते ती टक्क्यांची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात इतर लेखनाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर कारवाई नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर सुधारित प्रबंध एक वर्ष सादर करता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळतात. सलग चौदा शब्दांपर्यंतचं सामान्य ज्ञानाचं साम्यही धरत नाहीत.

पण हे यंत्र अक्षरांचं साम्य मोजतं, चोरी नाही. एखाद्यानं सगळा विचार दुसऱ्याचा घेतला, शब्द फिरवले आणि पत्ता दिला नाही, तर टक्के शून्यही येतील. उलट एखाद्यानं प्रामाणिकपणे अवतरणचिन्हांत उतारे दिले आणि तपासणीत ते वगळायचं राहिलं, तर टक्के फुगतील. म्हणून टक्के कमी करण्यासाठी शब्द फिरवत बसणं म्हणजे ताप उतरावा म्हणून तापमापी बर्फात ठेवणं. पत्ते नीट दिले की टक्क्यांची फार काळजी करावी लागत नाही.

चौकट : थोडक्यात

• संदर्भ म्हणजे पत्ता. वाचक तिथे पोहोचला पाहिजे.
• नोंद मुखपृष्ठावरून घेऊ नका, शीर्षकपानाच्या मागच्या बाजूवरून घ्या.
• हातात असलेलीच आवृत्ती आणि त्याच आवृत्तीचं पान द्या.
• दुसऱ्याचे शब्द, विचार, आकडे, चित्रं यांना संदर्भ हवाच. सर्वमान्य गोष्टींना नको.
• मूळ पाहिलं नसेल तर 'उद्धृत' लिहा.
• पहिल्या दिवसापासून एकच साधन वापरा. नोंदी युनिकोडमध्ये आणि एकाच लेखनपद्धतीनं भरा.
• डीओआय किंवा आयएसबीएन असेल तर तो टाका.
• साधनानं उचललेली प्रत्येक नोंद मूळ पुस्तकाशी ताडून बघा.

बांधणीला देण्याआधी

प्रबंध पूर्ण झाला. काळ्या रेक्झिनची बांधणी आणि वर सोनेरी अक्षरं कशी दिसतील हे डोळ्यांसमोर यायला लागलंय. त्याआधी एक काम करा. स्वतःच्या संदर्भसूचीतल्या कुठल्याही पाच नोंदी डोळे मिटून निवडा. आपण परके वाचक आहोत असं समजून, फक्त त्या नोंदीवर लिहिलंय तेवढ्याच आधारानं, ते पुस्तक, तो लेख, ते पान शोधून काढा. तिथे खरंच तेच म्हटलंय का, ते वाचा. पाचांपैकी एक जरी दार सापडलं नाही, तरी बांधणीवाल्याला सांगा, दोन दिवस थांब.